तुला नको ती बाजू

“तुला नको ती बाजू मला दे.”

कांदिदोकाकांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीवर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. ऑगस्टमधली संध्याकाळ होती, चौकातल्या गुत्त्याबाहेर टेबलं मांडली होती आणि डोंगरावरची तांबडी धूळ हळूहळू खाली बसत होती. काकांनी उभा जन्म खाणीत शिसं काढलं. छाती आतून खरवडून निघाली होती, पण आवाज असा, की दिवसभर उन्हात तापलेला दगड संध्याकाळी तळहातावर घ्यावा. समोरच्या गड्याला ते आधी बाजू निवडू द्यायचे आणि उरलेली आपण घ्यायचे. मग गिटार वाजायला लागायची आणि काका डोळे मिटून सुरू करायचे :

तुला नको ती दे मला,
उन्हात बसेन, सावली तुला,
खोट्याच्या बाजूनं गाईन मी,
गाता गाता जाईन मी
खऱ्याच्या दारी, बघ मुला.

आमच्या गावात कवनांची झुंज अशीच लागते. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी विषय देतं : पाणी की दारू, आई की बाप, समुद्र की खाण. एकानं एक बाजू घ्यायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि पाच-पाच ओळी जागच्या जागी रचून एकमेकांना निरुत्तर करायचं. दारूला कधी हात न लावणारा दारूची थोरवी गातो आणि पिंपं रिकामी करणारा पाण्याची. लोक हसतात, टेबलं बडवतात. पण घरी जाताना कुणीही असं धरून चालत नाही, की तो जे गायला तेच त्याच्या मनात होतं. बाजू ही बाजू असते, मन हे मन. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं.

पुढे मी मुर्सिया शहरातल्या विद्यापीठात गेले आणि मन मोजायला शिकले. शाळकरी मुलांना हिंसेबद्दल काय वाटतं, ते मोजणं हा माझा धंदा आहे. कुणी कुणाला मारलं याच्याशी मला घेणंदेणं नाही. मारण्याबद्दल त्यांच्या आत काय बसलंय, तेवढं मी पाहते. कागदावर साधीसुधी वाक्यं असतात, मुलांच्याच तोंडून वेचलेली. ‘कमजोर पोरांना छळण्यात मजा असते.’ ‘आपल्याला कुणी ढकललं तर आपणही ढकलायलाच हवं.’ प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, ‘अजिबात पटत नाही’पासून ‘अगदी पटतं’पर्यंत. मुलं नाव न घालता फुली मारतात. काही जण मला हसतात, म्हणतात, मन काय असं कागदावर सापडतं? सापडतं. वाक्य नीट असलं आणि विचारणारीनं कान उघडे ठेवले तर सापडतं. पाण्याची खोली दोरीनं मोजता येते तशी ही मोजता येते, फक्त दोरीला खाली खडा हवा.

गावच्या शाळेतून मला बोलावणं आलं ते मार्चमध्ये, ताडाच्या झावळ्या वळायचे आणि ईस्टरच्या मिरवणुकीचे ढोल घुमायचे दिवस होते तेव्हा. लेआंद्रो नावाचा एक मुलगा त्याच्या चौदाव्या वाढदिवशीच शाळेच्या जिन्यावरून पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो म्हणत होता, मी घसरलो. वर्ग म्हणत होता, तो घसरला. आणि त्याची आई ओब्दुलिया म्हणत होती, की माझा मुलगा पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकणार नाही, मी त्याला कार्ताहेनाच्या शाळेत घालते. मुख्याध्यापिकेनं तिला किती समजावलं, पण ओब्दुलिया काही शाळा सोडायच्या दाखल्यावरून मागे हटेना. शेवटी तिनंच एक अट घातली : फ्लोरेन्तिना विद्यापीठात पोरांची डोकी मोजते ना, तिला बोलवा.

ओब्दुलिया आणि मी एका गल्लीत वाढलो. मी गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून घेवडा शिजवत होती, तेजपत्ता आणि मिरची घातलेला, आणि लेआंद्रो टेबलाशी बसून एका हातानं लिंबं चिरत होता. दुसरा हात झोळीत. पोरगा लांबुडका, पापण्या दाट, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्द आधी उजेडात धरून पाहतोय.

“ह्याला विचार,” ओब्दुलिया पाठमोरीच म्हणाली. “जिन्यावर घसरला म्हणे. मानेवर घसरला. मागून मान अशी लाल होती की शेजारणीला वाटलं उन्हात झोपला.”

लेआंद्रो म्हणाला, की आई, वाढदिवस होता, थोड्या थपडा तर पडणारच. आणि पुन्हा लिंबाकडे वळला.

आमच्या लहानपणी वाढदिवसाला कान ओढायचे, जितकी वर्षं तितक्या वेळा. आता शाळेतली मुलं दोन रांगा करून उभी राहतात, वाढदिवसवाला मधून जातो आणि दोन्हीकडून मानेवर थपडा बसतात. जितकी वर्षं तितक्याच. कुणीतरी मोठ्यानं आकडे म्हणतं, वर्षं भरली की सगळे हात खाली. सगळ्यांनी मुख्याध्यापिकेला हेच सांगितलं होतं : चौदा झाल्या, आम्ही थांबलो, तो नंतर एकटाच जिन्यावर गेला. एकेकाला वेगळं बोलावलं तरी हेच, जणू पाठ केलेलं. पण आकडे कोण म्हणत होतं, असं विचारलं की सगळ्यांना एकदम विसरायला व्हायचं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात एक मुलगी, केस घट्ट बांधलेले, हातात वर्गातल्या अभ्यासाचे कागद. ती कारिदाद, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. तिनं ते कागद ओब्दुलियाच्या हातात दिले, आत न पाहताच ‘उद्या गणिताचे आणते’ म्हणाली आणि निघून गेली. लेआंद्रो खुर्चीतून अर्धा उठला होता, तो पुन्हा बसला.

ओब्दुलियानं दार लावून घेतलं. म्हणाली, की ही आणि हा एका दुपट्यात वाढल्यासारखे, कवनं करायची ती दोघांनी मिळून, भांडायची ती कवनांत. ही पोर माझ्या फ्रिजमध्ये डोकं घालून खायला शोधायची. आता रोज येते, पण उंबरा ओलांडत नाही.

मग तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

“फ्लोरी, मला कुणाला शिक्षा करायची नाही. कुणाचं नाव नको. मला एवढंच सांग, त्या पोरांच्या आत काय आहे? पुन्हा होणार असेल तर मी ह्याला नेते. नसेल तर जाऊ दे ह्याला, ह्याचा जीव तिथंच आहे.”

मी म्हटलं, मोजून सांगते. तिनं माझ्या बशीत घेवडा वाढला, आणि तो मी खाल्ला, म्हणजे शब्द दिल्यासारखंच झालं.

*

मुख्याध्यापिकेनं मला गुरुवारचा कवनांचा तास दिला. गणिताच्या सरांनी त्यांचा तास सोडला नाही. कवनांचा तास इसिदोरोसर घेतात. भाषेचे शिक्षक, कांदिदोकाकांच्या हाताखाली शिकलेले. नेमके त्या दिवशी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. वर्गात बाकं दोन भागांत मांडलेली, खिडकीकडची आणि दाराकडची, मध्ये रिकामी वाट. मी कागद वाटायच्या आधीच खिडकीकडून एक बुटका, कुरळ्या केसांचा पोरगा उठला. सातुर्निनो, सगळे त्याला नीनो म्हणतात. बाकावर बोटं वाजवून त्यानं माझं स्वागत केलं :

बाई आल्या शहरातून,
पट्टी काढली पिशवीतून,
राग किती वीत, मोजा बरं,
उलटं निघालं तर मग खरं?
आत या, नका बघू खिडकीतून.

वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले, कारण ओळी चांगल्या होत्या. मग मी कागद वाटले, नेहमीचं सांगितलं : नाव लिहू नका, बरोबर-चूक असं काही नाही. मुलांनी कागद भराभर भरले. कोपर मारणं, वाटेपलीकडे भुवया उडवणं चाललं होतं, पण कुणी कुणाचं पाहून लिहीत नव्हतं. खिडकीकडचे कागद एका मुलीनं गोळा केले, दाराकडचे एका मुलानं. दोन गठ्ठे घेऊन मी खुशीत मुर्सियाला परतले.

आमान्सिओ माझा सहकारी. लिंबाच्या बागा असलेल्या घरातला, आकड्यांत मुरलेला, आणि चेष्टा करताना चेहरा तेलाच्या बरणीसारखा शांत ठेवणारा. त्यानं आकडे मांडले आणि मला हाक मारली.

“फ्लोरेन्तिना, तुझ्या गावात अर्धे संत आहेत आणि अर्धे दरोडेखोर,” तो म्हणाला. “मधलं कुणीच नाही. तुझं लहानपण कसं गेलं ग?”

मी पाहिलं. एका गठ्ठ्यातल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक वाक्य अगदी पटलं होतं. कमजोरांना छळण्यात मजा, अगदी पटतं. भांडण पाहायला मिळालं तर दिवस चांगला जातो, अगदी पटतं. दुसऱ्या गठ्ठ्यात काहीच, कुणालाच, अजिबात पटलं नव्हतं. आमान्सिओचं म्हणणं, की पोरांनी आपल्याला गाढव बनवलंय, हे कागद टाकून दे आणि त्या शाळेचा नाद सोड. मी मात्र मनात ओब्दुलियाचा चेहरा पाहत होते. अर्धा वर्ग दरोडेखोर आहे, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मग मी दोन्ही गठ्ठे उचलले, एक उजव्या हातात, एक डाव्या. खिडकीकडचा. दाराकडचा. आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की मी खाली बसले. आमान्सिओनं पाण्याचा पेला पुढे केला.

त्या खोलीत, त्या तासाला, त्या बाकांवर बसलं की ती मुलं झुंजीला बसलेली असतात. त्या आठवड्यात खिडकीकडच्यांनी होकार गायचा, दाराकडच्यांनी नकार. पुढच्या आठवड्यात उलट. त्यांच्यापुढे मी वाक्यं ठेवली, आणि त्यांनी वर्षभर जे केलं तेच केलं. आपापली बाजू घेतली आणि निष्ठेनं लढवली. कुणी थट्टा केली नव्हती, कुणी खोटंही बोललं नव्हतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत हे झालं नसतं, आणि जिनं हे सगळ्यांच्या आधी ओळखायला हवं होतं ती मीच, त्या गुत्त्याबाहेर वाढलेली, गठ्ठे बांधून खुशीत घरी आले होते.

आमान्सिओला समजावायला मला पाच ओळींचं कवन म्हणावं लागलं. ऐकून तो म्हणाला, की बरं, म्हणजे आपली दोरी ठीक आहे, आपण ती चुकीच्या विहिरीत सोडली. मी म्हटलं, अगदी तेच.

*

सोमवारी मी पुन्हा गेले. या वेळी शाळेची खाणावळ मागितली. जेवणं आटोपली होती, मसुराचा वास अजून भिंतींना चिकटून होता, गोल टेबलांना ना खिडकीची बाजू ना दाराची. मी सगळ्यांना लांब लांब बसवलं आणि सांगितलं, की ही झुंज नाही. कुणाला बाजू दिलेली नाही.

नीनोनं हात वर केला. “म्हणजे आमचं आमचं लिहायचं?”

“तुझं तुझं.”

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “हे अवघड आहे, बाई.”

या खेपेला कुणी कोपर मारलं नाही. पेनांचा आवाज थांबत थांबत येत होता, जसा चढावर चालणाऱ्याचा श्वास येतो. कारिदाद कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. एका वाक्यावर ती इतका वेळ थांबली, की बाकीचे बाहेर गेले तरी तिचं पेन तिथंच. कोणतं वाक्य ते मी पाहिलं नाही. ते पाहायचं नसतं. तिनं कागद आणून उलटा ठेवला आणि दप्तर छातीशी धरून गेली.

आता आकडे माणसांसारखे आले, थोडे इकडे, थोडे तिकडे. आमान्सिओ त्यांच्याकडे मायेनं पाहत होता. त्या मुलांना कमजोरांना छळण्यात मजा वाटत नव्हती. आम्ही मोजलेल्या बऱ्याच वर्गांपेक्षा कमीच. भांडण पाहायला आवडतं म्हणणारे थोडे. वाढदिवसाच्या थपडांना बहुतेकांनी गंमत म्हटलं होतं, पण तिथेही फुल्या मधल्या चौकोनाकडे ओढल्या गेल्या होत्या, नुकतंच काहीतरी हललं असावं तशा. आणि मग एक वाक्य होतं : ‘मित्राचं चुकलं तरी ते मोठ्यांना सांगणं म्हणजे गद्दारी.’ तिथे जवळजवळ सगळा वर्ग शेवटच्या चौकोनात जाऊन उभा होता, भिंतीला पाठ लावून.

आमान्सिओनं पेन्सिलीच्या टोकानं त्या ओळीवर टकटक केलं. मीही मान हलवली. खडा तळाला लागला होता.

मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला सांगितलं, आणि तिथून थेट ओब्दुलियाकडे गेले. ती इस्त्री करत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिनं एकच शर्ट तीनदा फिरवला.

“पुन्हा होईल का, एवढं सांग,” ती म्हणाली.

मी तिला सरळ सांगितलं, की ह्या मुलांना मारायला आवडत नाही. पण काही बिघडलं तर त्यांच्यातलं कुणीही तोंड उघडणार नाही, कारण तोंड उघडणं त्यांना मारण्यापेक्षा वाईट वाटतं. आणि तोंडं बंद असली की गंमत कुठे संपते ते कुणालाच कळत नाही.

ओब्दुलियानं इस्त्री उभी ठेवली. म्हणाली, की एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला, हे तर मला माझ्या पोराच्या तोंडावरून दिसतंय, तोही त्याच भिंतीला पाठ लावून उभा आहे.

ते खरंच होतं. पण मी तिला म्हटलं, की तू इतके दिवस समजत होतीस, तो वर्ग क्रूर आहे. क्रूरपणा हलवायला वर्षं जातात. ही अडकलेली कडी आहे. कडी कुठे आहे ते आता मला माहीत आहे. मला एक तास दे, आणि लेआंद्रोला त्या तासाला आण.

तिनं शर्टाची घडी घातली. आतल्या खोलीत लेआंद्रो गुणगुणत होता, आणि आम्ही ऐकतोय हे कळताच थांबला.

“एक तास,” ओब्दुलिया म्हणाली. “आणि मागच्या बाकावर मी बसणार. ऐकून मग ठरवीन.”

*

विषय मी इसिदोरोसरांना सुचवला : सांगणं की गप्प राहणं. त्यांचा गाल अजून सुजलेला होता, ते तिरपं बोलत होते. त्यांना शंका होती. म्हणाले, की फ्लोरेन्तिना, झुंजीत कुणी मनातलं बोलत नाही, तुला मुलांच्या मनातलं काढायचंय, मग ही वाट का? मी म्हटलं, म्हणूनच ही वाट. ज्या मुलांना सांगणं ही गद्दारी वाटते, त्यांना निदान एकदा सांगण्याच्या बाजूनं गाऊ दे. ती बाजू त्यांना दिलेली आहे, त्यांची नाही, म्हणजे कुणी त्यांना गद्दार म्हणणार नाही. तोंडाला ते शब्द एकदा सवयीचे होऊ देत. एवढंच झालं तरी मी पुन्हा दोरी सोडीन आणि पाणी किती हललं ते सांगीन. कांदिदोकाका काय म्हणायचे ते तुम्हाला मी सांगायला नको.

इसिदोरोसरांनी सुजऱ्या गालातून हसून काकांच्या त्या कवनाच्या शेवटच्या ओळी म्हटल्या, गाता गाता खऱ्याच्या दारी जाण्याच्या.

त्या गुरुवारी वारा दक्षिणेकडून येत होता, खिडक्यांच्या फटींत तांबडी धूळ साचली होती. ओब्दुलिया मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, चर्चमध्ये बसावं तशी. मी तिच्या शेजारी. लेआंद्रो आत आला तेव्हा वर्गानं एकदम बोलणं थांबवलं आणि मग सगळे नको इतके एकदम बोलू लागले. नीनोनं त्याला विचारलं, की त्या झोळीत मांजर पाळलंयस का? लेआंद्रो म्हणाला, तुझ्यासारखंच आहे, दिवसभर खातं. बाकं हसली. ओब्दुलियाच्या हातातली पर्स किंचित सैल झाली.

आधी नीनो आणि एक मुलगी गायले. नीनोला सांगण्याची बाजू आली होती. त्यानं गायलं, की मी सगळं सांगतो, म्हणून आई मला बाजारात नेत नाही, मासेवालीला माशांचं खरं वय सांगतो. त्यावर मुलीनं गायलं, की गप्प राहणं शिकायचं तर तुझ्या मासळीकडून शिक. बाकं बडवली गेली. मग आणखी एक जोडी झाली. सांगणं, सांगणं, हा शब्द त्या खोलीत हसत-खेळत फिरत होता, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, आणि प्रत्येक फेरीला जरा हलका होऊन येत होता. इसिदोरोसर टेबलावर बोटांनी ठेका धरून होते.

मग लेआंद्रो उठला. त्याची जोडीदार कोण, हे कुणी विचारलं नाही. दोन वर्षं एकच होती, आणि बाजूही ती दोघं आपसांतच वाटून घेत. कारिदाद तिच्या जागेवरून मधल्या वाटेत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. किती दिवसांनी ती त्याच्या इतक्या जवळ आली होती, ते मागच्या बाकावरून ओब्दुलियाला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

लेआंद्रो म्हणाला, “तुला नको ती बाजू मला दे.”

त्यानं ते मोठ्यानं म्हटलं नाही. इसिदोरोसरांकडून शिकला असणार, आणि ते काकांकडून. माझ्या अंगावर मात्र ती ऑगस्टची संध्याकाळ उतरली.

कारिदाद म्हणाली, मी गप्प राहण्याची घेते.

म्हणजे लेआंद्रोला सांगण्याची आली. त्यानं मोकळ्या हाताची मूठ केली, उघडली, आणि गायला लागला. आवाज फुटायच्या वयातला, कुठे जाड, कुठे बारीक :

बंद खाणीत साचलं पाणी,
कुणी न ऐकली त्याची गाणी,
वाट दिली तर जातं निघून,
नाही तर कुजतं तिथंच बसून,
मग विहीर कडू होते, शहाणी.

‘शहाणी’वर त्यानं तिच्याकडे पाहिलं, नेहमी जसं चिडवत असणार तसं. कुणी बाक बडवलं नाही. आमच्याकडच्या जुन्या खाणींचं पाणी काय करतं, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात माहीत आहे. ओब्दुलियानं माझं मनगट धरलं. त्यानं आजवर तिला जे सांगितलं नव्हतं, ते आजही सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त दार दाखवलं होतं आणि बाजूला उभा राहिला होता.

आता कारिदादची पाळी. झुंजीत थांबणारा हरतो, म्हणून उत्तर ठेक्यावरच उचलावं लागतं, आणि ती उचलण्यात सगळ्यांत पटाईत. तिनं हनुवटी वर केली :

ओठांना माझ्या घातली कडी,
आत मी केली शब्दांची घडी,
घडीच्या आत...

इसिदोरोसरांची बोटं टेबलावर एक फेरा फिरली, आणखी एक. नीनो पुढची ओळ ओठांनी सुचवत होता, यमक जुळवून, मित्रासारखा. कारिदादनं त्याच्याकडे पाहिलं नाही. सरांची बोटं हळू झाली आणि थांबली. खिडकीवर धूळ वाजत होती. लेआंद्रोनं मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणावं तशी. पण ती मुलगी त्याच्यापासून वळली आणि मधल्या वाटेनं मागच्या बाकाकडे चालत आली, ओब्दुलियाच्या समोर, उंबऱ्यापाशी थांबते तेवढ्या अंतरावर. मग आणखी एक पाऊल पुढे आली.

“आकडे मी म्हणत होते,” ती म्हणाली. आता त्यात ना ठेका होता ना यमक. “चौदाला थांबायचं असतं, मावशी. सगळे हसत होते, म्हणून मी पंधरा म्हटलं. मग सोळा. तो जिन्याकडे पळाला, सगळे त्याच्या मागे, आणि मी मोजतच राहिले.”